रेंडरिंगसाठी सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं? आधी एक खोली बांधा

कोल्हापुरातली शाहूपुरी असो की राजारामपुरी, छोट्या डिझाइन ऑफिसातलं काम बहुतेक वेळा एकाच वाटेनं जातं. ऑटोकॅडमध्ये प्लॅन, स्केचअपमध्ये मॉडेल, आणि मग पार्टी म्हणते, "साहेब, थ्रीडी काढून दाखवा की." मॉडेलवरून असं खरं वाटणारं चित्र काढणं म्हणजे रेंडरिंग. इथं त्याचं सॉफ्टवेअर निवडायची वेळ येते आणि आपण कंपन्यांच्या साइटवरची देखणी चित्रं बघत बसतो. ती चित्रं मुरलेल्या कलाकारांनी सवडीनं केलेली असतात आणि कुठल्याही नावाजलेल्या सॉफ्टवेअरमधून तशी निघू शकतात. त्यांच्यावरून निवड करता येत नाही. पार्टीनं तिसऱ्यांदा टाइल बदलल्यावर तुमच्या मॉडेलवर, तुमच्या पीसीवर नवं चित्र किती मिनिटांत हातात येतं, हे मोजलं तर मात्र निवड आपोआप होते. ते कसं मोजायचं, ते इथं पायरीपायरीनं दिलं आहे.

आधी गेल्या तीन महिन्यांचा हिशेब

कागद घ्या आणि मागच्या तीन महिन्यांत दिलेली कामं लिहून काढा. प्रत्येक कामात किती व्ह्यू दिले, किती वेळा बदल झाले, व्हिडिओ मागितला का, प्रिंट किती मोठी लागली. आकडे समोर आले की बऱ्याच गोष्टी सुटतात.

समजा एका फ्लॅटचे ५ व्ह्यू आणि ३ वेळा बदल, म्हणजे १५ रेंडर. एका रेंडरला ४० मिनिटं लागत असतील तर मशीन १० तास अडकलं. २ मिनिटं लागत असतील तर अर्ध्या तासात मोकळं. व्हिडिओत हा फरक आणखी वाढतो. १ मिनिटाच्या व्हिडिओला सेकंदाला २५ चित्रं धरली तर १५०० चित्रं होतात. एका चित्राला ४ मिनिटं लागली तर १०० तास, म्हणजे चार दिवसांपेक्षा जास्त. १० सेकंद लागली तर सव्वाचार तासांच्या आत काम संपतं. महिन्याला दोन व्हिडिओ द्यावे लागत असतील तर निम्मा निर्णय इथंच झाला.

प्रिंटचा आकारही बघून ठेवा. ए-३ कागदावर ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर ४९६१ × ३५०८ पिक्सेल लागतात. साइटवरच्या फ्लेक्सला मात्र एवढी बारकाई नको. तो लांबून बघायचा असतो, त्यामुळे २० फुटी फ्लेक्सला ३० डीपीआय धरलं तरी ७२०० पिक्सेल रुंदी पुरते. "फ्लेक्ससाठी ३०० डीपीआय द्या" असं कुणी म्हणालं तर हा हिशेब दाखवा. तसं केलं तर चित्र ७२,००० पिक्सेल रुंद होईल आणि ते काढायची गरजच नाही.

दोन घराणी

पहिलं घराणं प्रकाशाचा एकेक किरण हिशेबानं सोडून चित्र शिजवणारं: व्ही-रे, कोरोना, ब्लेंडरमधलं सायकल्स. दुसरं घराणं व्हिडिओ गेमच्या तंत्रावर चालणारं, म्हणजे तुम्ही मॉडेलमध्ये फिरता आणि चित्र तिथल्या तिथं दिसत राहतं: एन्स्केप, लुमिऑन, ट्विनमोशन, डी-फाइव्ह. ह्या दोघांमधली भिंत आता पातळ झाली आहे. डी-फाइव्ह पहिल्यापासून रे ट्रेसिंगवर, म्हणजे किरणांच्या हिशेबावर, उभं आहे, लुमिऑनमध्ये ते २०२३ च्या आवृत्तीत आलं. तरीही स्वभाव वेगळे आहेत ते आहेतच.

नावं ऐकून गोंधळ होतो तो कुणाचं कशाशी जुळतं ह्यात. कोरोना ३डीएस मॅक्स आणि सिनेमा ४डी ह्यांच्याच आत चालतं. स्केचअपवाल्याला ते घेऊन उपयोग नाही, आधी मॅक्स घ्यावं आणि शिकावं लागेल. व्ही-रे स्केचअप, रेव्हिट, ऱ्हायनो, मॅक्स सगळ्यांत बसतं. एन्स्केप स्केचअप, रेव्हिट, ऱ्हायनो, आर्किकॅड ह्यांच्या आतच उघडतं, त्यामुळे मॉडेलमध्ये भिंत सरकवली की शेजारच्या खिडकीत ती लगेच सरकलेली दिसते. लुमिऑन, ट्विनमोशन आणि डी-फाइव्ह स्वतंत्र प्रोग्रॅम आहेत. मॉडेल तिकडे पाठवावं लागतं, जोडणी लाइव्ह असली तरी दोन घरं सांभाळावी लागतात. ब्लेंडर फुकट आहे आणि अतिशय ताकदवान आहे, पण स्केचअपचं मॉडेल त्यात एफबीएक्स किंवा ओबीजे फाइल करून न्यावं लागतं आणि प्रत्येक बदलाला ती वारी पुन्हा करावी लागते. मॅक वापरणाऱ्यांसाठी एवढंच: लुमिऑन आणि डी-फाइव्ह विंडोजवरच चालतात.

पीसीची तपासणी

कोरोना प्रोसेसरवर चालतं, ग्राफिक्स कार्ड कितीही महागडं असलं तरी त्याचा वेग त्यानं वाढत नाही. तिथं जास्त कोअरचा प्रोसेसर आणि ६४ जीबी रॅम कामाची. दुसऱ्या घराण्यात सगळा भार ग्राफिक्स कार्डावर असतो, आणि कार्ड घेताना लोक नंबर बघतात, मेमरी बघत नाहीत. नडते ती नेमकी मेमरी.

हिशेब सोपा आहे. ४०९६ × ४०९६ पिक्सेलचं एक टेक्श्चर (मटेरियलवर चढवायचं चित्र) न दाबता मेमरीत ६४ एमबी जागा खातं. एका मटेरियलला तीन चित्रं लागतात: रंग, चकाकी आणि उठाव. म्हणजे एका मटेरियलला १९२ एमबी. अशी २० मटेरियलं झाली की पावणेचार जीबी गेली, अजून सोफा, झाडं, पडदे यायचेत. ८ जीबीचं कार्ड एका हॉलला पुरतं, अख्ख्या बंगल्याला आवारासकट घातलं की भरतं. भरलं की रेंडर रखडतो, नाहीतर प्रोग्रॅम बंद पडतो. म्हणून २०२१ चं आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचं कार्ड २०२३ च्या ८ जीबीच्या ४०६० पेक्षा जुनं असूनही मोठ्या सीनला जास्त टिकाव धरतं. नवीन घेत असाल तर १२ जीबीच्या खाली जाऊ नका. जुन्यावरच चालवायचं असेल तर टेक्श्चर ४के ऐवजी २के करा, जागा थेट चौथाईवर येते आणि कॅमेऱ्यापासून ८ फूट लांबच्या भिंतीवर डोळ्याला फरक कळत नाही.

आणि यूपीएस. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की लाइट जाते, हे कोल्हापुरात नव्यानं सांगायला नको. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट झेपवतो, रेंडर करताना ग्राफिक्स कार्डाचा पीसी सहज त्याच्या वर जातो आणि यूपीएस ऐनवेळी हात टेकतो. १००० ते १५०० व्हीएचा घ्या. व्हिडिओ कधीही थेट एमपी-४ म्हणून काढू नका, सुट्या चित्रांची मालिका काढा. ९०० व्या चित्राला लाइट गेली तर ९०१ पासून पुढं चालू करता येतं. एमपी-४ अर्धवट राहिली तर बहुधा उघडतही नाही.

चाचणीची खोली

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, त्यासाठी दोन दिवस काढाच. जवळपास सगळ्या कंपन्या काही दिवस फुकट वापरायला देतात. पण नंतर बघू म्हणून सगळं एकदम उतरवून घेतलं तर मुदत संपून जाते आणि हाती काही लागत नाही. आधी खोली तयार ठेवा, मग एकेक सॉफ्टवेअर उतरवा.

स्केचअपमध्ये १२ × १६ फुटांचा हॉल करा, उंची १० फूट. पश्चिमेला ६ फुटी खिडकी. त्यात मुद्दाम ह्या गोष्टी घाला: ६०० × १२०० मिमीची ग्लॉसी व्हिट्रिफाइड टाइल, पीओपीच्या फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेली कोव्ह लाइट, खिडकीला पातळ जाळीदार पडदा, एक काचेचं पार्टिशन, एक मोठा आरसा आणि कोपऱ्यात देवघर, त्यात पितळेची समई. चौथी भिंत काढून टाकू नका. कॅमेऱ्यामागं काहीच नसेल तर समई काळी दिसते, कारण धातूला परावर्तित करायला समोर काही उरत नाही. तो दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो आणि चांगलं सॉफ्टवेअर उगाच बाद होतं.

प्रत्येक वस्तू एकेका दुखऱ्या जागेवर बोट ठेवते.

कोव्ह लाइटचा दिवा दिसत नाही, फक्त त्याचा उजेड छतावरून परतून येतो. हे पहिल्या घराण्याचं बलस्थान. दुसऱ्या घराण्यात नुसतं चमकणारं मटेरियल लावून भागतंच असं नाही, पट्टीसारखा लाइट वेगळा ठेवावा लागतो. कोपऱ्यात डाग किंवा ढगाळ ठिपके दिसतायत का ते बघा.

आरशात कॅमेऱ्याच्या मागची भिंत दिसते का? ज्यांचं परावर्तन फक्त पडद्यावर जे दिसतंय त्यातूनच घेतलं जातं, त्यांत ती दिसत नाही किंवा कडेला चित्र विरून जातं. रे ट्रेसिंग चालू करून पुन्हा बघा आणि वेळ किती वाढला ते लिहा. ग्लॉसी टाइलचंही तसंच.

पडदा आणि काच एकामागं एक आली की किरण किती पृष्ठभागांतून पार जाईल ह्याच्या मर्यादेमुळं मागं काळे ठिगळ पडतात. मर्यादा वाढवता येते, पण वेळही वाढतो.

आता मोजा. तेच मॉडेल, तोच कॅमेरा, आकार ३८४० × २१६०. पाच कामांच्या वेळा नोंदवायच्या: मॉडेल उघडल्यापासून पहिलं दाखवण्याजोगं चित्र, टाइल बदलून नवं चित्र, स्केचअपमध्ये खिडकी २ फूट सरकवून नवं चित्र, दिवसाची रात्र करून चित्र, आणि शेवटचा फायनल रेंडर. प्रत्येक गोष्ट दोनदा करा आणि दुसरी वेळ धरा, पहिल्यांदा कार्ड तयारीत वेळ घालवतं. खिडकीची चाचणी टाळू नका. काही ठिकाणी मॉडेल पुन्हा आणल्यावर मटेरियल जुळतात पण हातानं ठेवलेले दिवे जुन्याच जागी लटकत राहतात, आणि प्रत्यक्ष कामात सगळा जीव तिथंच जातो.

पहिल्या घराण्यात चित्रात दाणे राहतात. दाणे निम्मे करायचे तर वेळ दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून डीनॉइझर (दाणे पुसणारी सोय) वापरतात, आणि वापरावाच. पण तो पडद्याची वीण, सोफ्याचं कापड पुसून टाकतो. फायनलमध्ये कापडावर झूम करून बघा.

एक सेटिंग सगळीकडे सारखं ठेवा: पांढऱ्या भिंतीचा रंग. आरजीबी २५५ कधीही घालू नका. खऱ्या पांढऱ्या रंगाची भिंत सगळा उजेड परत देत नाही, साधारण ८० टक्के देते, आणि तो आकडा आरजीबीत २३० च्या आसपास येतो. २५५ घातलं की प्रकाश खोलीत नुसता उड्या मारत राहतो, चित्र फिकट पडतं आणि रेंडरही लांबतो. दिव्यांचंही तसंच अंदाजानं नको. १२ वॅटच्या एलईडी डाउनलाइटला साधारण १००० ते १२०० लुमेन, वॉर्म लाइटला ३००० केल्विन, पांढऱ्याला ४००० किंवा ६५००. लाइटच्या कंपनीकडून आयईएस फाइल (दिव्याचा उजेड कसा पसरतो त्याची नोंद) मिळाली तर उत्तम.

कोल्हापूरचं ऊन

सॉफ्टवेअरमधला सूर्य खरा आहे का, हे बघायची एक पक्की रीत आहे. ठिकाण अक्षांश १६.७ उत्तर, रेखांश ७४.२४ पूर्व, वेळ जीएमटीपेक्षा साडेपाच तास पुढं. मॉडेलमध्ये १० फूट उंचीचा एक खांब उभा करा.

२१ डिसेंबर, दुपारचे साडेबारा. सूर्य क्षितिजापासून साधारण ५० अंशांवर दक्षिणेला. खांबाची सावली साधारण ८ फूट ५ इंच, उत्तरेकडे पडली पाहिजे. आता २१ जून, १२ वाजून ३५ मिनिटं. सूर्य साधारण ८३ अंशांवर, पण उत्तरेला! सावली जेमतेम १ फूट २ इंच आणि दक्षिणेकडे. हे दोन्ही जुळलं तर उत्तर दिशा, वेळ आणि ठिकाण तिन्ही बरोबर आहेत. घड्याळात १२ ला सूर्य माथ्यावर नसतो, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरून धरली जाते आणि कोल्हापूर तिथून सव्वाआठ अंश पश्चिमेला आहे. म्हणून इथला मध्यान्ह साधारण अर्धा तास उशिरा येतो.

हे कशासाठी? पार्टीनं पश्चिमेच्या बेडरूमवर छज्जा किती काढायचा असं विचारलं तर एप्रिलच्या संध्याकाळी ५ चं चित्र दाखवून तिथल्या तिथं ठरवता येतं. सूर्य चुकीचा असेल तर ते देखणं चित्र चुकीचा सल्ला देतं. बहुतेक वेळा घोळ सॉफ्टवेअरचा नसतो, स्केचअपमध्ये उत्तर दिशा प्लॉटप्रमाणं फिरवायची राहिलेली असते.

जून ते सप्टेंबर इथलं आभाळ झाकोळलेलं असतं. एलिव्हेशनचा एक व्ह्यू पावसाळी द्या. पॉली हेवन ह्या साइटवर ढगाळ आभाळाच्या एचडीआरआय (उजेडासकट आभाळाची चित्रं) फुकट मिळतात, धंद्यात वापरायलाही मोकळ्या आहेत. ओल्या काळ्या दगडावर आणि पोर्चच्या फरशीवर ते चित्र जे खरेपण आणतं ते निळ्या आभाळात येत नाही.

मटेरियल आणि सामान

तयार वस्तूंचा साठा किती लाखांचा, ह्याला भुलू नका. त्यातलं तुम्हाला किती लागणार ते शोधा: झोपाळा, तुळशीवृंदावन, देवघर, कडाप्प्याचा ओटा, तीन बर्नरची शेगडी, सीलिंग पंखा, कडुनिंब, नारळ. युरोपी सॉफ्टवेअरच्या साठ्यात मेपल आणि बर्च भरपूर, पण कळंब्याच्या बंगल्यापुढं ती झाडं उभी केली की पार्टीला चित्र परकं वाटतं, का ते तिला सांगता आलं नाही तरी. आपल्याकडच्या वस्तू स्केचअपच्या ३डी वेअरहाऊसवर सापडतात, पण त्या जड असतात. एखाद्या नळाचे किंवा मूर्तीचे पृष्ठभाग अख्ख्या खोलीपेक्षा जास्त निघतात. आणली की आधी वेगळ्या फाइलमध्ये उघडून हलकी करा.

टाइलचं टेक्श्चर मोरबीच्या कंपन्यांच्या कॅटलॉगमधून घेताना एकच फोटो सगळ्या फरशीवर पसरवू नका. मार्बल डिझाइनच्या एकाच टाइलचे चार-सहा फेस असतात, ते मागून घ्या, नाहीतर तीच शीर दर दोन फुटांवर दिसते. लॅमिनेटचं टेक्श्चर शीटच्या मापात, म्हणजे १२२० × २४४० मिमीला बसवा. वॉर्डरोबच्या दारावर लाकडाची रेघ हाताएवढी जाड दिसली की समजावं, माप चुकलंय.

मॉडेल पाठवण्याआधी चार गोष्टी: उलटे पृष्ठभाग सरळ करा, काही सॉफ्टवेअरमध्ये ते काळे किंवा गायब दिसतात. भिंत आणि सीलिंग दोन्हीला एकच पांढरं मटेरियल लावू नका, नंतर एक बदलताना दुसरं बदलतं. एकावर एक चिकटलेले पृष्ठभाग काढा, ते व्हिडिओत लुकलुकतात. आणि कॅडमधून आलेलं मॉडेल शून्यबिंदूपासून लांब पडलं असेल तर ते जवळ ओढा, नाहीतर सावल्या थरथरतात.

पैसे आणि परवाना

किंमत डॉलरमध्ये किंवा युरोत असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी आणि रुपयाचा चढउतार धरा. परवाना एका माणसाच्या नावावर आहे की ऑफिसात फिरता, हे विचारा. दोन मुलं पाळीपाळीनं काम करत असतील तर फिरता परवाना स्वस्त पडू शकतो. वर्षाचे पैसे भरण्याआधी महिन्याची सोय असेल तर एक पूर्ण काम त्यावर करून बघा. ट्विनमोशन वर्षाला १० लाख डॉलरच्या खाली उलाढाल असणाऱ्यांना २०२४ पासून फुकट आहे, आणि आपल्याकडची बहुतेक ऑफिसं त्यात बसतात. डी-फाइव्हचीही मर्यादित फुकट आवृत्ती आहे. एवढं समोर असताना क्रॅक (चोरीची आवृत्ती) वापरून पार्टीच्या फाइली आणि स्वतःचा पीसी धोक्यात घालायचं काही कारण उरत नाही.

मग काय घ्यावं

एकट्यानं इंटिरियर करत असाल, स्केचअप येत असेल आणि पार्टी समोर बसून बदल सांगत असेल तर एन्स्केप. आरशातलं, काचेतलं काम जास्त असेल आणि कार्ड चांगलं असेल तर डी-फाइव्ह. बंगले, रो-हाऊस, आवार, झाडं, व्हिडिओ असं काम असेल तर लुमिऑन, पैसे अडत असतील तर ट्विनमोशन. शोरूम, हॉटेल, छापील ब्रोशर अशी थोडी पण चोख चित्रं द्यायची असतील तर व्ही-रे, आणि मॅक्स येत असेल तर कोरोना. एन्स्केप आणि व्ही-रे दोन्ही आता कॅऑस ह्या एकाच कंपनीकडे आहेत, त्यामुळे एन्स्केपमध्ये केलेलं काम फायनलसाठी व्ही-रेत नेता येतं. विद्यार्थ्यांनी ब्लेंडर शिकावं, त्यात प्रकाश कळतो आणि तो पुढं कुठंही उपयोगी पडतो. एआयची चित्रं मूड दाखवायला ठीक, पण त्यात खिडकी सरकते, पायऱ्या कमी-जास्त होतात, म्हणून मापाच्या कामात धरू नका.

बिल्डरचं काम असेल तर एक खबरदारी. रेरा कायदा २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरातीत खोटं दाखवल्याची जबाबदारी बिल्डरवर येते. साठ्यातला स्विमिंग पूल आणि समोरची बाग जागा भरायला टाकू नका. मंजूर नकाशात जे आहे तेच चित्रात ठेवा, आणि फायनल देताना मंजूर नकाशाची तारीख फाइलच्या नावात घाला.

चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की दाबलं जातं, कापडाची वीण आणि लाकडाची रेघ जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पार्टी ते मोबाइलवर, बऱ्याचदा उन्हात उभं राहून बघते, म्हणून फायनल करण्याआधी स्वतःच्या मोबाइलवर, स्क्रीन निम्म्या उजेडावर ठेवून एकदा बघून घ्या. अंधाऱ्या कोपऱ्यातलं देवघर तिथं दिसत नसेल तर एक्स्पोजर थोडं वाढवा आणि मगच पाठवा.